एका खेपेला एकच बल्ब

मंगळवार, ४ तारीख

सगळ्यात आधी टपकली ती समोरची शिवणवाली. ओठांत टाचण्या, गळ्यात टेप आणि हातात कुणाच्यातरी कोटाची एकच बाही. गाडी अजून दारात नीट थांबलीही नव्हती आणि हिचा प्रश्न तयार, "झाली का हो नापास?" तोंडात टाचण्या असल्या की माणसाने गप्प बसावं, पण ही दातांच्या फटीतून बोलते आणि सगळं स्पष्ट ऐकू येतं. मी म्हटलं, "गाडी नापास झाली, माझी मुलगी नव्हे." तर म्हणे, "एकच की ते." एकच कसं? हिने शिवलेल्या कोटाचा खांदा पडला तर आम्ही हिला पांगळी म्हणतो का?

ही वही नातीने दिली. "आजी, रोज लिही," म्हणाली. रोज काय लिहायचं? उठले, दात घासले, जे राहिलेत ते? मी शिकले चौथीपर्यंत, त्यातलीही चौथी निम्मी, कारण मग धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला घरात कुणी नव्हतं. तो भाऊ पुढे हेडमास्तर झाला आणि मला पत्रातल्या चुका काढून परत पाठवायचा. असो. काही घडलं तरच लिहायचं असं मी ठरवलंय, आणि आज घडलं.

धाकटी लेक अकरा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होती. सगळ्या गावाच्या दुखण्यांना गोळ्या दिल्या आणि स्वतःच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या करून घेतल्या. नवरा तेरा वर्षांपूर्वी दुसरीकडे संसार थाटून बसला, सह्या होऊन सुटका झाली, तेव्हापासून आम्ही दोघीच. तर त्या दुकानात डायलिसिसचे पेशंट यायचे. आठवड्यातून तीनदा रक्त धुवून घ्यायचं आणि अंगात त्राण नसताना बसला लटकत घरी यायचं. ते बघून हिच्या डोक्यात आलं की आपण गाडी घ्यावी आणि यांची ने-आण करावी. नोकरी सोडली. जुनी गाडी घेतली. डायलिसिस केंद्राने चार पेशंट देऊ केले, अट एकच, तपासणी कचेरीचा कागद पंचवीस तारखेपर्यंत हातात हवा. नाहीतर दुसरा एक व्हॅनवाला टपून बसलाय. आणि दुकानात हिच्या जागी नवी मुलगी उभीही राहिली, म्हणजे मागे फिरायलाही जागा नाही.

सोड नोकरी, असं तिला मीच म्हटलं होतं. ते सारखं आठवतंय.

इंजिन चांगलं निघालं, ब्रेक चांगले, पट्टे चांगले. दिवे वाईट. मागचा एक लाल दिवा मेलेला आणि पुढचे दोन पिवळट, काविळीच्या डोळ्यांसारखे. नुसत्या दिव्यांवर नापास. थोरलीच्या नवऱ्याचा लगेच फोन आला, "आई, तुम्ही कोणी कशाला हात लावू नका. मी रविवारी येतो." हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय. दर वेळी ते येऊन गेले की दुसरा माणूस बोलवावा लागतो.

रविवार, ९ तारीख

जावईबापू आले. मोठं खोकं घेऊन आले. खोक्यावर एक गाडी डोंगरात उभी आणि तिच्या तोंडातून सूर्य बाहेर पडतोय असं चित्र. म्हणाले, "एलईडी, आई. जुना बल्ब म्हणजे काय, तर तापलेली तार. आता तारांचा जमाना गेला." चार दिवस कंप्युटरवर वाचून निवडलेत म्हणे. निवडायचा नियम काय विचारलं, तर सगळ्यात पांढरा आणि सगळ्यात प्रखर तो घ्यायचा. झालं. एवढ्यासाठी चार दिवस. मी भाजी घेतानाही याहून जास्त डोकं चालवते.

खोक्यावर सहा हजार पाचशे लिहिलं होतं. मी विचारलं, "ही किंमत?"

"रंग आहे तो, आई."

"पांढऱ्याला पांढरं म्हणायला काय झालं?"

"पांढऱ्यातही प्रकार असतात."

हे मला सांगतात. पन्नास वर्षं चादरी मी धुतल्या.

दीड तासात चौदा बल्ब बदलून मोकळे. गाडीभोवती असे फिरत होते, जसं काही बाळंतपण करतायत. दोन बल्ब पेटेनात. "मेलेलेच पाठवलेत लेकाच्यांनी," म्हणाले आणि तिथंच उभं राहून फोनवर कंपनीला शिव्या लिहिल्या, एक तारा दिला. जुने बल्ब कचऱ्यात टाकले. मी ते गुपचूप काढून, पुसून, एका मोज्यात भरून ठेवले. पेटणारी वस्तू कुणी टाकतं का?

मग तिन्हीसांजेला प्रयोग. वळायचा दिवा लावला तर तो असा लवलवायला लागला, घाबरलेल्या माणसाची पापणी लवते तसा. मी म्हटलं, "याला काय झालं?" म्हणाले, "फास्ट आहे तो." मागच्या लाल काचा फिक्या गुलाबी दिसायला लागल्या. "मॉडर्न लूक आहे." पुढचे दिवे लावले तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी थेट शिवणवालीच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत. ती आतून ओरडली की सुईतला दोरा दिसेनासा झाला. तेवढाच एक फायदा.

धाकटी हाताची घडी घालून बघत होती. मी म्हटलं, "छान." जावयाला छानच म्हणावं लागतं. वहीला म्हणावं लागत नाही.

मंगळवार, ११ तारीख

पुन्हा नापास. मागच्या वेळी एक कारण होतं, आता पाच आहेत. जावईबापूंनी दिवे लावले ते असे.

खोटं कशाला लिहू, ऐकल्यावर पहिल्यांदा मला जरा बरंच वाटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कचेरीच्या शिक्क्यानिशी कुणीतरी सांगितलं की या माणसाला काही कळत नाही. मग खिडकीतून खाली पाहिलं. धाकटी गाडीतून उतरलीच नव्हती. किल्ली हातात, काच वर, समोर बघत बसलेली. अर्धा तास झाला. शेवटी मी चहा घेऊन खाली गेले, काचेवर टकटक केलं.

"आई, मास्तरांना काय सांगू?"

मास्तर म्हणजे चार पेशंटांतले सगळ्यात म्हातारे. त्यांनी पंचवीस तारखेनंतरचा वारांचा तक्ता करून दिलाय, पट्टीने रेघा मारून, तीन रंगांत. ज्याला बसमध्ये उभं राहवत नाही त्याने तीन रंगांत तक्ता करावा. शिकलेल्या माणसांना रिकामं बसवत नाही हेच खरं. पण हिने तो गाडीत चिकटवलाय.

मी म्हटलं, "सांग की जावयाने बल्ब निवडले. समजून घेतील."

हसली नाही. कचेरीतला साहेब म्हणाला म्हणे, पुढचा उजेड भिंतीवरच्या रेघेच्या खाली राहायला हवा, तुमचा वर उडतोय, समोरून येणारा आंधळा होईल. ब्रेक दाबला काय न दाबला काय, मागचा दिवा सारखाच दिसतो. वळायचा दिवा जास्त भरभर लवतो. लाल लाल नाही. आणि दोन दिवे पेटतच नाहीत. तिसऱ्यांदा नापास झाली तर तीन महिने नाव घ्यायचं नाही.

तीन महिने. व्हॅनवाल्याला तीन दिवस पुरतील.

गुरुवार, १३ तारीख

पेट्रोल पंपामागे एक गाळा आहे, गाड्यांच्या वायरींचं काम करणाऱ्याचा. धाकटी त्याला घेऊन आली. पंचेचाळिशीचा असेल. हाडकुळा, खांदे पुढे आलेले, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. दारात पाय इतका वेळ पुसला की मला वाटलं पायपुसणंच तपासतोय. मला म्हणाला, "नमस्कार मावशी," आणि मग अर्धा तास काही नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. एक दिवा उघडला, बंद केला. त्याच्याकडे बघून मला जांभया यायला लागल्या.

जावईबापूंनी मेलेले म्हणून टाकलेले दोन बल्ब धाकटीने दाखवले. त्याने एक उचलला, उलटा फिरवून परत खोचला. पेटला. दुसराही तसाच. "एलईडीला उजवं-डावं असतं," म्हणाला. "साध्या बल्बला नसतं. उलटा बसला की तो पेटत नाही, बिघडलेला नसतो." कंपनीला एक तारा देणाऱ्या विद्वानाला हे कुणी कळवावं? मी कळवलं. फोन करून कळवलं. त्यांनी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

पण या वायरमनचंही मला काही खरं दिसत नाही. म्हणतो, "एका खेपेला एकच दिवा बदलणार, मॅडम. मग दोन दिवस गाडी चालवा. सगळे एकदम बदलले की चुकलं कुठे ते कळत नाही."

धाकटी म्हणाली, "पण पंचवीस तारीख आहे हो."

त्याने बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. "बसतंय," म्हणाला.

आज एक बदलला. एक. तेवढ्यावर चहा पिऊन गेला, तोही गार करून.

शनिवार, १५ तारीख

वायरमन आला. आज मागचे दोन. एका खेपेला एक म्हणजे एक जोडी असं त्याचं गणित आहे, हे आज कळलं. लाल काचेमागे लाल बल्ब घातला. म्हणाला, पांढऱ्या एलईडीत लाल मुळातच कमी असतो, काच बाकीचं सगळं अडवते, मग उरतो तो गुलाबी. लाल बल्बाचा उजेड सगळाच्या सगळा बाहेर येतो. आणि या बल्बात दोन पायऱ्या आहेत, साधा दिवा मंद, ब्रेक दाबला की दुप्पट. हे बरोबर वाटलं, पण मी तोंडावर काही दाखवलं नाही.

ब्रेकचा दिवा तपासायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पायाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. मी म्हटलं, "मी बसते आत, माझा पाय काय कमी आहे?" तर दोघंही एकदम "नको" म्हणाली. म्हातारं माणूस म्हणजे यांना काचेचं भांडं वाटतं. मग धाकटी आत बसली आणि तो मागे.

"दाबा."

"दाबला."

"सोडा."

"सोडला."

"पुन्हा दाबा."

मी खिडकीत बसून मोजलं. सतरा वेळा. पहिल्याच खेपेला दिवा लख्ख पेटला होता, मला वरून दिसला. याला दिसायला सतरा वेळा लागल्या. मधेच ती आतून हसायला लागली, हा मागे उभा राहून हसायला लागला. कशाला हसले कोण जाणे. चष्मा तर लावला होता त्याने.

रविवार, १६ तारीख

थोरलीचा फोन. जावईबापू रुसलेत. मी म्हटलं, रुसू देत, तेवढाच रविवार मोकळा.

नातीशी बोलले. तिला सतरा वेळा सांगितलं, म्हणजे सतरा वेळा ब्रेक दाबल्याचं सांगितलं. ती इतकी हसली की फोन हातातून पडला म्हणे. मग विचारते, "आजी, वायरमन काकांनी शर्ट कुठला घातला होता?" आजकालच्या मुलांना काय विचारावं तेही कळत नाही. सांगितलं तरी. निळा, इस्त्रीचा. ग्रीसमध्ये हात घालायला इस्त्रीचा शर्ट.

मंगळवार, १८ तारीख

वळायचा दिवा. नारिंगी काचेमागे नारिंगी बल्ब घातला, तरी मेला लवलवतोच. मी मनात म्हटलं, आता कळेल. तर तो खाली वाकला, पायाजवळून एक छोटी डबी उपटली, दुसरी बसवली. मग दिवा शहाण्यासारखा चालायला लागला, टक आणि टक. एलईडी इतकी कमी वीज खाते की जुन्या डबीला वाटतं बल्ब गेलाय, आणि ती भरभर लवून तक्रार करते, असं तो म्हणाला. ते मला पटलं. कमी जेवणारा माणूस दिसला की मलाही वाटतं याला काहीतरी झालंय.

पण त्याची रीत बिघडत चाललीय. आधी धाकटीला नीट मॅडम म्हणायचा. आज काहीच म्हणाला नाही. नुसतं "जरा हे धरता का?" आणि "हं, असंच." चार दिवसांत आदर संपला. मी तिला नंतर म्हटलं, "तुला मॅडम म्हणत नाही तो." ती म्हणाली, "मीच सांगितलं नका म्हणू." अशाने लोक डोक्यावर बसतात.

जिन्यात शिवणवाली भेटली. "वायरमन रोज येतो वाटतं तुमच्याकडे."

"रोज नाही, दिवसाआड. येत नाही काही त्याला, म्हणून वेळ लागतो."

"बायको जाऊन सहा वर्षं झाली म्हणे त्याची. आईबरोबर राहतो. बहीण शेजारीच असते."

"त्याचा आणि बल्बचा काय संबंध?"

तर ही अशी हसली की तोंडातल्या टाचण्या पायरीवर सांडल्या. बरं झालं. वेचत बसली.

गुरुवार, २० तारीख

आज माझं आणि वायरमनचं वाजलं.

पुढचे दिवे. जावईबापूंचे ते सूर्य काढून टाकले आणि काय घातलं, तर साधे तारवाले बल्ब. जुन्या पद्धतीचे. मी म्हटलं, "एवढी आठवडाभराची मेहनत आणि परत तिथेच? मग ते कावीळवाले माझ्याकडे मोज्यात आहेत की."

"हाताने पुसलेत का मावशी ते?"

"मग काय पायाने पुसू?"

"यांच्या काचेला बोट लागलं की बोटाचं तेल बसतं. तापल्यावर तिथंच तडकतात."

म्हणजे मीच चुकले. माझ्या घरात, माझ्या मोज्यावरून. मी म्हटलं, "मागे एलईडी, मधे एलईडी, आणि नेमक्या तोंडावर जुनी तार. हे कुठलं शहाणपण?"

तो चिडला नाही. मला त्याच्या न चिडण्याचाच राग येतो. आपली खिशातली जुनी बॅटरी काढली, पुढची काच फिरवून काढली, भिंतीसमोर धरली. भिंतीवर गोल, नेटका उजेड. मग त्याने बल्ब वाटीतून गव्हाच्या दाण्याएवढा पुढे ओढला. उजेड फुटला, इकडे तिकडे पसरला, एक तुकडा छतावर गेला. "वाटी एका ठरलेल्या जागेसाठी घडवलेली असते, मावशी. तार बरोबर त्या जागी बसते. त्या खोक्यातली एलईडी नाही बसत. ती कितीही तेज असली तरी उजेड जायचा तिथे जात नाही, लोकांच्या डोळ्यांत जातो."

मला कळलं. चौथी निम्मी शिकलेल्या बाईला एका मिनिटात कळलं, आणि चार दिवस वाचणाऱ्याला कळलं नाही. मी फक्त "बघू" म्हटलं.

"आणि पिवळेपणा बल्बचा नव्हताच," म्हणाला. "वरचं प्लास्टिक उन्हाने धुरकटलंय." मग बसला घासत. पाणी ओतायला एक माणूस लागतं म्हणून धाकटी तांब्या घेऊन बसली. आधी बारीक घासकागदाने, मग त्याहून बारीक, मग नुसत्या कपड्याने. दोन तास. दोघं जमिनीवर बसून गाडीचे डोळे पुसतायत. मी वरून विचारलं, "झालं का?" तर दोघंही म्हणाली, "थोडंच राहिलंय." हे त्यांनी तीनदा सांगितलं. एवढ्या वेळात मी सगळ्या घराच्या खिडक्या पुसल्या असत्या, आणि एकटीने.

काच मात्र नव्यासारखी निघाली. हे इथं लिहिते, त्याला सांगणार नाही.

रविवार, २३ तारीख

काल वायरमन नुसता बघायला आला, सगळं ठीक आहे का ते. ठीक होतं. तरी एक तास बसला. मला म्हणाला, "मावशी, तुमचा चहा फार चांगला होतो." गार करून पिणाऱ्याने चहावर बोलू नये.

धाकटी गाणं गुणगुणत कपडे वाळत घालत होती. परवा तपासणी आणि हिला गाणी सुचतायत. मी मात्र सकाळपासून दोनदा देवापुढे दिवा लावला. नापास झाली तर हिला थोरलीकडे जावं लागेल, मलाही. थोरलीने जिन्याखालची खोली रिकामी करून ठेवलीय, असं ती प्रेमाने सांगते. तिथे बिछाना मावतो, खिडकी मावत नाही.

मंगळवार, २५ तारीख

मीही गेले. हट्ट करून गेले. कचेरी म्हणजे एक लांब शेड, गाड्यांची रांग आणि चेहरा इस्त्री केलेला साहेब. त्याने गाडी भिंतीसमोर लावायला सांगितली. भिंतीवर ती रेघ. मी डोळे मिटून घेतले आणि मग वाटलं, मिटून काय उपयोग, आपण काय देव आहोत की बघितल्याने उजेड हलेल. उघडले. उजेड रेघेखाली, कात्रीने कापल्यासारखा सरळ.

साहेब मागे गेला. "ब्रेक दाबा." एकदा. "सोडा." त्याला एकदाच लागलं. "इंडिकेटर." टक आणि टक. मग तो पुढे येऊन काचा जवळून बघत म्हणाला, "नवीन बसवल्या?" धाकटी म्हणाली, "घासल्या." म्हणाला, "कोणी?" हे विचारायचं त्याला कारण काय? पण ही लाल झाली, शाळेतल्या मुलीसारखी. मी खिडकीतून सांगितलं, "पंपामागचा वायरमन. दोन तास घेतले त्याने." साहेब कधी हसत नसणार, पण तोंड जरा सैल झालं. शिक्का मारला.

कागद हातात आल्यावर हिने पहिला फोन कुणाला केला? मी शेजारी बसलेय, थोरली घरी वाट बघतेय, केंद्रात मास्तर वाट बघतायत. हिने वायरमनला केला. ज्याचं काम त्याला आधी कळवायचं असतं म्हणे. बरं. पण मग त्यात रडायचं काय होतं?

संध्याकाळी शिवणवाली आली. "पास का?" मी म्हटलं, "गाडी. मुलगी तर आधीपासूनच पास आहे."

शुक्रवार, २८ तारीख

ने-आण सुरू होऊन तीन दिवस झाले. मास्तर पुढच्या सीटवर बसतात आणि प्रत्येक वळणावर "इंडिकेटर" म्हणतात. हिला आवडतं ते. पाय बघितले, सूज कमी आहे.

पण घरी आली की चेहरा उतरलेला. जेवण अर्धं. मी म्हटलं, "काय कमी झालं आता? कागद आहे, पेशंट आहेत, दिवे आहेत." म्हणाली, "काही नाही गं आई. आता सगळं झालंच." सगळं झालं याचं दुःख करणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. वायरमन मंगळवारपासून फिरकला नाही, फिरकेल कशाला, एकही दिवा उरला नाही. हेही तिला सांगितलं. ती उठून आत गेली.

शनिवार, २९ तारीख

सकाळी खिडकीतून काय दिसावं? धाकटी गाडीच्या मागे उकिडवी बसलेली, हातात स्क्रूड्रायव्हर, नंबरच्या पाटीवर तो नखाएवढा दिवा असतो ना, तो उघडतेय. तिथे काय करत होती देव जाणे. दुपारी म्हणते, "आई, पाटीवरचा दिवा गेला." मी म्हटलं, "गेला नाही, तू घालवलास. चालत्या वस्तूला टोचायची तुला लहानपणापासून सवय." ती खाली बघून म्हणाली, "हो, माझंच चुकलं," आणि लगेच वायरमनला फोन. एवढ्याशा बल्बसाठी. फोनवर मात्र आवाज एकदम खणखणीत.

रविवार, ३० तारीख

नखाएवढ्या दिव्याला तीन माणसं आली. वायरमन, त्याची आई आणि बहीण. तो पांढऱ्या शर्टात, केसांना पाणी लावलेलं, हातात पिशवी नाही, पक्कड नाही, काही नाही. मी विचारलं, "बल्ब कुठाय?" तर डोळे मोठे करून बघत राहिला. विसरला. आणि हा मला सांगत होता की एलईडीला उजवं-डावं असतं.

त्याची आई माझ्याच वयाची, गोल, बडबडी. गाडीकडे ढुंकून बघितलं नाही. धाकटीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग माझ्या गुडघ्यांकडे. म्हणाली, "जिना चढता येतो का हो तुम्हाला?" मी म्हटलं, "येतो, उतरताही येतो." तर स्वतःच्या घराचं कौतुक सुरू. तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे, खिडकी रस्त्यावर उघडते, येणारा-जाणारा दिसतो, बाथरूम लागूनच. "दोन म्हाताऱ्यांना गप्पा मारायला बरी," म्हणाली. मी विचारलं नव्हतं. पण मी सभ्यपणे म्हटलं, "छान आहे," आणि खिडकी रस्त्यावर उघडते हे खरंच छान आहे. बहीण म्हणाली, "बघायला या ना." दुसऱ्याची रिकामी खोली बघायला कुणी जातं का?

हे चाललेलं असताना धाकटी चहा करायला गेली ती येईचना. जाऊन बघितलं तर ओट्याशी उभी राहून डोळे पुसतेय. म्हणाली, "कांदा." चहात कांदा घालत होती काय ते तिचं तिला माहीत. वायरमन माझ्यामागून उठून आला आणि म्हणाला, "मी कप धरतो." धर बाबा, तेवढं तरी धर.

आज त्याने चहा गरम प्यायला. तोंड भाजलं असणार, पण चारही माणसं अशी गप्प बसून एकमेकांकडे बघत होती की मलाच जिन्यातून शिवणवालीला हाक मारावीशी वाटली.

निघताना त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि पुढच्या रविवारी येतो म्हणाली, तेव्हा सविस्तर बोलू, थोरल्या मुलीला आणि जावयांनाही बोलावून घ्या. एका बल्बसाठी जावई. मी दारातून ओरडून सांगितलं, "या वेळी बल्ब आणायला विसरू नका." तिघंही हसली, आणि माझ्या मागे धाकटीही.

रविवार, सात तारीख, चार वाजता येणार आहेत.